झाकणाआतली चिठ्ठी

एकदा एक यंत्रवैद्य होते. पदवी नव्हती, दुकानावर पाटीही नव्हती, पण आजारी यंत्राची नाडी त्यांच्या बोटांना बरोबर सापडे. नाव केरबा ओतारी. गाव त्यांना ओतारीमास्तर म्हणे. तरुणपणी त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. रेडिओ मागे पडून टीव्ही आले तेव्हा टीव्ही उघडले. डोक्याचे केस पांढरे होईतो घरोघर संगणक आले, तेव्हा मास्तरांनी कुरकुर न करता चष्म्याच्या काचा पुसल्या आणि संगणक उघडून बसले. भांडीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचे दुकान होते. समोर तांब्याच्या भांड्यांवर दिवसभर ठोके पडत, आणि त्या गलबल्यातही मास्तरांना एखाद्या पंख्याची बारीक खरखर ऐकू येते, असे लोक सांगत. लोक काय, पुष्कळ सांगतात. पण यातले निम्मे तरी खरे असावे.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. दुरुस्त झालेल्या यंत्राचे झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला एक लहानशी चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्यावर तारीख व नाव लिहायचे. नाव कुणाचे? तर शेवटचा हात ज्याचा लागला त्याचे. मास्तर स्वतःही आपले नाव लिहीत. ही रीत कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि त्यांना कुणी विचारलेही नव्हते. रीत जुनी झाली की तिचे कारण विचारायचे आपण विसरतो. देवघरापासून कचेरीपर्यंत आपले सगळे असेच चाललेले असते.

मास्तरांची एक शिष्या होती, सुनेत्रा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती चार वर्षांपूर्वी दुकानात आली होती. नव्या यंत्रांची माहिती तिला मास्तरांपेक्षा जास्त होती, आणि हे मास्तरच आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. तिच्या हातात आणखी एक गुण होता, तो म्हणजे टापटीप. तिने जोडलेल्या संगणकाचे झाकण उघडावे, तर आतल्या वायरी वेणी घातल्यासारख्या बसलेल्या असायच्या. एक टोक लोंबताना दिसायचे नाही. काही गिऱ्हाइके तर आतला फोटो काढून इतरांना दाखवत. सुनेत्रा वरवर "त्यात काय एवढं" म्हणे, पण मनातून सुखावे. कुणीही सुखावला असता.

एका बुधवारी सकाळी दुकानाच्या पायरीशी रिक्षा थांबली. गोधडीत गुंडाळलेला एक मोठा संगणक पोटाशी धरून एक गृहस्थ उतरले. हे रंगराव शेवाळे, एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सुनेत्रा त्यांना ओळखत होती, कारण दिवाळीच्या आधी हाच संगणक ते धूळ काढायला घेऊन आले होते आणि तिनेच तो आतून स्वच्छ करून दिला होता.

"काय झालं, सर?" तिने विचारले.

"चालू होतो. चित्रं दाखवतो. सगळं गोड," सर गोधडीची गाठ सोडता सोडता म्हणाले. "पण एकदा का सगळं गाव एकदम रंगवायला सांगितलं, की दहा-बारा मिनिटांत मान टाकतो. पडदा काळा, पंखे बंद, सगळंच ठप्प. चार दिवस हेच चाललंय. आणि येत्या रविवारी तर..."

मास्तरांनी सरांसमोर स्टूल सरकवले, बोळाच्या तोंडावरच्या टपरीला हाताने तीन चहांची खूण केली आणि म्हणाले, "सर, आधी बसा. रविवारी काय हाय?"

मग सरांनी सांगितले. त्यांचे मूळ गाव जांभूळथळ. साठ वर्षांपूर्वी, सर पाळण्यात असताना, धरण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. माणसे तीन वसाहतींत वाटली गेली, देवी एका वसाहतीत आली, आणि आता वर्षातून एकदा देवीच्या यात्रेला सगळी एकत्र जमतात. निवृत्त झाल्यावर सरांनी एक ध्यास घेतला. जुन्या माणसांना विचारून विचारून त्यांनी संगणकात ते गाव पुन्हा उभे केले. गल्ल्या, पार, चावडी, ओढा, प्रत्येक घर. रविवारी यात्रेत पांढऱ्या पडद्यावर ते गाव सगळ्यांना चालत चालत दाखवायचे, असे ठरले होते. पण पडद्यावर दाखवायचे तर संगणकाने प्रत्येक चित्र नीट रंगवून द्यायला हवे, आणि त्याला सलग दीड-दोन दिवस लागणार होते.

"माझी आई नव्वदीची आहे," सर म्हणाले. "डोळे अजून शाबूत आहेत, पण डॉक्टर म्हणतात, पुढच्या यात्रेचं काही सांगता येत नाही. रोज सकाळी मला विचारते, 'रंग्या, माझं दार झालं का रं?' मी म्हणतो, झालं, आक्का, रविवारी दाखवतो. आता तिला काय सांगू?"

सुनेत्राने लगेच संगणक बाकावर घेतला, बाजूचे झाकण काढले. आतल्या बाजूला चिठ्ठी होती. तारीख दिवाळीआधीची, नाव तिचेच. आतल्या वायरी तिने लावल्या तशाच वेणीसारख्या बसलेल्या. ते पाहून तिला बरे वाटले. आपला हात लागलाय, म्हणजे जोडणी बघायला नको, वेळ वाचला, असे तिने स्वतःशी म्हटले आणि ती पुढे वळली.

चहा येईपर्यंत तिचे निदान तयार होते. चित्रे रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. सरांनी ते कार्ड कुणा हौशी खेळाडूचे वापरलेले, जुने घेतले होते. रंगवायला लागले की संगणक बंद पडतो, म्हणजे दुखणे रंगवणाऱ्याचेच.

"कार्ड गेलंय, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "नवं मागवावं लागेल. तसलं कार्ड यायला आठ-दहा दिवस तरी."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते गोधडीची घडी घालायला लागले.

मास्तर चहा फुंकत होते. म्हणाले, "गेलंय म्हणतीस, तर कुठं गेलंय ते बघू तरी."

त्यांनी स्वतः उठून सरांचे कार्ड काढले. दुकानात त्यांचे एक उघडे यंत्र होते. त्याला झाकण नव्हते, टापटीप तर नव्हतीच. त्याच्या वायरी रविवारी न विंचरलेल्या केसांसारख्या बाकावर पसरलेल्या असत. सुनेत्राला ते पाहवत नसे. मास्तरांनी कार्ड त्या यंत्रात बसवले, हाताला आल्या त्या दोन वायरींची टोके त्याला लावली आणि रंगवायचे अवघड काम देऊन यंत्र चालू केले.

दहा मिनिटे झाली. वीस झाली. तासाभराने कार्ड तव्यासारखे तापले होते, पंखे घोंगावत होते, आणि पडद्यावर रंगीत चित्रे एकामागून एक बिनतक्रार उमटत होती.

सुनेत्राचे कान लाल झाले. पण ती प्रामाणिक होती. "कार्ड चांगलं आहे," तिने कबूल केले. "मग पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाटून देतो, तो डबा. हलकं काम असलं की पुरवतो, जड काम आलं की थकतो. तोच असणार."

"असंल," मास्तर म्हणाले. "बघू की."

तिने सरांचा पॉवर सप्लाय काढून ठेवला. दुकानातला एक खात्रीचा, नवा, दमदार पॉवर सप्लाय फळीवर होता, तो सरांच्या संगणकात बसवला. कार्ड परत जागी लावले. घाईतही तिने हात आखडता घेतला नाही. वायरी वळवून, पट्टीने आवळून, उरलेल्या मागच्या बाजूला सारून, सगळे नीटनेटके केले. मग यंत्र चालू केले आणि सरांचे गाव रंगवायला सांगितले.

तिघे पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर आधी ओढा उमटला, मग पिंपळाचा पार, मग चावडीच्या कौलांवरचे ऊन. सर बोटाने दाखवायला लागले, "ही बघा, ही आमची गल्ली. इथून वळलं की..."

पडदा काळा झाला. पंखे थांबले. समोरच्या दुकानातला ठोका तेवढा ऐकू येत राहिला. सुनेत्राने घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे झाली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. कार्ड चांगले, पॉवर सप्लाय चांगला, आणि दोघे एकत्र आले की पुन्हा तेच! मग तिने तिसऱ्याला पकडले. "मदरबोर्ड, मास्तर. दुसरं काही उरलंच नाही. सगळे भाग ज्याच्यावर बसतात, तोच आतून खराब झालाय. तो बदलायला हवा."

"किती दिवस?" सरांनी विचारले.

"तोही मागवावा लागेल," ती म्हणाली, आणि तिला रडू येईल असे वाटले. सकाळपासून तीन निकाल झाले होते. आरोपी तीन, साक्षीदार एकही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आपल्याकडे जुनी सोय आहे, आणि ती यंत्रांनाही लागू पडते.

मास्तर मात्र खूश दिसत होते. यंत्र बंद पडल्यावर त्यांनी तर मांडीवर थाप मारली होती. सुनेत्राला त्यांचा जरा रागच आला.

"मदरबोर्ड मागवू, गरज पडली तर," ते म्हणाले. "पण त्याच्या आधी एक भाग बदलून बघायचा ऱ्हायलाय."

"कोणता भाग? सगळे बघितले की मी!"

मास्तरांनी त्याचे उत्तर दिले नाही. "तू त्या कार्डाची जोडणी सोड," ते म्हणाले. "पट्ट्या कापून टाक. पाठीमागं सारलेल्या वायरी पण बाहेर काढ. सगळं मोकळं कर." तिने तसे केले. मग ते म्हणाले, "आता ऊठ. त्या पायरीवर जाऊन बस. तोंड बोळाकडं."

"मास्तर?"

"बस गं पोरी. थोडा वेळच."

ती पायरीवर जाऊन बसली. पाठीमागे मास्तर सरांना म्हणाले, "सर, तुम्ही या इकडं. ही वायर तुम्ही जोडायची."

"मी?" सर घाबरलेच. "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. काही जळालं बिळालं तर?"

"वीज बंद हाय. ह्या कार्डाला दोन तोंडं हाईत. ह्या वायरींची टोकं त्याच तोंडांत बसत्यात, दुसरीकडं बसायचीच न्हाईत. तुमच्या मनाला येईल तशी लावा. मी सांगणार न्हाई."

सुनेत्रा बोळाकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या मनात नाना विचार येत होते. चार वर्षे ज्याने मला शिकवले, तो मला उठवून ड्रॉइंगच्या मास्तरांना माझ्या जागी बसवतो! ते काय करणार आहेत, जे मला जमले नाही? रागाच्या खाली एक कुतूहलही होते, आणि थोड्या वेळाने तेच वर आले. बदलायचा राहिलेला भाग कोणता असेल? तिने मनात सगळे भाग पुन्हा मोजले. मेमरी? ती बिघडली तर यंत्र असे बंद पडत नाही. डिस्क? तिच्यामुळे तर नाहीच. एकही भाग सुटलेला तिला सापडेना.

मागून पंखे सुरू झाल्याचा आवाज आला. सरांचे पुटपुटणे ऐकू आले, "ओढा... पार... चावडी..." तिने वळून पाहिले नाही. मिनिटे मोजत राहिली. अकरा झाली. बारा. पंधरा. समोरच्या तांबटाने एक घागर पुरी करून दुसरी हातात घेतली. वीस मिनिटांनी सर ओरडले, "गल्ली वळली! मास्तर, आमची गल्ली वळली!"

सुनेत्रा उठून आत आली. गल्ली वळून चित्र पुढे गेले होते आणि यंत्र शांतपणे घोंगावत होते. तेच कार्ड, तोच पॉवर सप्लाय, तोच मदरबोर्ड.

"सर, तुम्ही काय केलंत?" तिने विचारले.

"मी?" सर अपराध्यासारखे म्हणाले. "मी काही केलं नाही हो. कार्डाला दोन तोंडं, आणि डब्यातून दोन वायरी आलेल्या. दोन्ही वायरींना दोन दोन टोकं. मी एका वायरीचं एक टोक इथं लावलं, दुसरीचं एक तिथं. एकीवरच दोन्ही लावून दुसरी मोकळी सोडायची, हे काही दिसायला बरं दिसेना. चित्राचा तोल जातो. चुकलं का?"

सुनेत्रा खाली बसली. तिने फक्त पाहायचे ठरवले आणि तिला सगळे दिसले. एका वायरीला दोन टोके असली की ती दोन्ही टोके कार्डाला लावायची आणि दुसरी अख्खी वायर गुंडाळून मागे लपवायची, ही तिची सवय होती. तसे केल्याने आतले चित्र स्वच्छ दिसे, फोटो छान येई. दिवाळीच्या आधी सरांच्या संगणकात तिने तसेच केले होते. आज नवा पॉवर सप्लाय जोडतानाही, हाताच्या सवयीने, पुन्हा तसेच. सरांचे कार्ड भुकेले होते. हलक्या कामाला एकच वायर पुरत होती, पण सगळे गाव रंगवायचे म्हटल्यावर दोन्ही तोंडांचा भार एकाच वायरीवर पडायचा. दोन घागरींचे पाणी एकाच खांद्यावर. वायर तापून जळू नये म्हणून पॉवर सप्लाय स्वतःच सगळे बंद करायचा. तो बिचारा बिघडला नव्हता. तो आपले कर्तव्य करत होता.

बाजूला काढून ठेवलेला सरांचा पॉवर सप्लाय तिने उचलला. एका वायरीच्या टोकाचे प्लास्टिक किंचित पिवळे पडले होते. सकाळी जोडणीकडे नुसते वाकून पाहिले असते, तरी ते दिसले असते.

"काखेत कळसा," ती स्वतःशीच म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाई गं," मास्तर म्हणाले. "वायर मला दिसलीच न्हवती. ह्या वयात मला सुईत दोरा ओवता येत न्हाई. मी नुसता मोजत बसलो होतो. कार्ड बदललं, पॉवर सप्लाय बदलला. तू म्हणालीस, आता मदरबोर्ड बदलू. पण माझ्या यंत्रात कार्ड चाललं, तिथं जोडणारा हात माझा होता. बंद पडलं, तिथं दोन्ही खेपेला हात तुझा. मग म्हटलं, हात बदलून बघावा. चालला तर कळंल, न्हाई चालला तरी कळंल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"ऐक. माझ्या तरुणपणीची गोष्ट. आठवडाभर दुकानात येणारा प्रत्येक रेडिओ मला आजारी दिसायला लागला. ज्याला मीटर लावावं, त्याचं माप चुकीचं. मी म्हटलं, सगळ्या गावाचे रेडिओ एकदम कसे बिघडले? साथ आली काय? चांगले चांगले भाग काढून टाकले मी. आठव्या दिवशी कळलं, माझ्या मीटरचा सेल उतरला होता. तवापासून मी एक शिकलो. आपण भाग तपासतो, तवा तपासणारा पण त्या जोडणीतलाच एक भाग असतोय. सगळं बदलून बघतो आपण. स्वतःला तेवढं बदलून बघत न्हाई, कारण आपला हात आपल्याला यंत्रातला वाटतच न्हाई."

सुनेत्राने झाकण उचलले. आतल्या चिठ्ठीवर तिचे नाव होते. सकाळी ते नाव वाचून ती निश्चिंत झाली होती.

"मास्तर," ती सावकाश म्हणाली, "ही चिठ्ठी तुम्ही कशासाठी लावता?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आले. "चार वर्षांनी इचारलंस! मला वाटलं, मी मेल्यावर इचारतीस. पोरी, ती शाबासकीची चिठ्ठी न्हाई. यंत्र परत आलं, की पहिला प्रश्न कुणाला इचारायचा, ते कळावं म्हणून ती हाय. बहुतेक वेळा तिथं माझंच नाव असतंय. मी आधी त्याला इचारतो, काय रं केरबा, तू काय केलंस? त्यानं काही केलं नसलं, तर मग कार्डाकडं जातो."

सुनेत्रा उठून सरांसमोर उभी राहिली. हे सांगायची तिला काही सक्ती नव्हती. जोडणी सैल होती, आता घट्ट केली, एवढे म्हटले असते तरी सर आनंदाने घरी गेले असते. मास्तरांनीही तिच्याकडे मुद्दाम पाहिले नाही. ते स्क्रू शोधण्यात गुंतले होते.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या कार्डाला, पॉवर सप्लायला काही झालेलं नव्हतं. दिवाळीआधी मी धूळ काढली तेव्हा जोडणी मीच चुकीची केली. तुमचे चार दिवस माझ्यामुळे गेले. मला माफ करा."

सरांनी तिच्याकडे पाहिले. "मुली, चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईनं चुका काढल्या," ते म्हणाले. "स्वतःची चूक स्वतः दाखवायला वही पुढं करणारं फार कमी भेटलं. आज मला एक सांग, शुक्रवारपर्यंत होईल का हे?"

"होईल. दुकानातच राहू द्या. मी लक्ष ठेवते," ती म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. "सरांच्या पॉवर सप्लायची पिवळी पडलेली वायर मी वापरणार नाही, मास्तर, हा नवाच राहू दे आत."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी दुपारी शेवटचे चित्र रंगवून झाले. सुनेत्राने झाकण लावण्याआधी जुनी चिठ्ठी काढली नाही. तिच्याच खाली दुसरी चिकटवली, तारीख घातली आणि पुन्हा आपलेच नाव लिहिले.

रविवारी ती स्वतः संगणक घेऊन यात्रेला गेली. वसाहतीच्या समाजमंदिरात दारे-खिडक्या लावून अंधार केला होता. चारशे माणसे दाटीवाटीने बसली होती, आणि अगदी पुढे एका खुर्चीत शाल पांघरून सरांच्या आई, तानूआक्का. सर पडद्याशेजारी उभे राहिले. सुनेत्रा संगणकापाशी बसली आणि तिने त्याच्या डब्यावर हात ठेवला. चित्र सुरू झाले.

ओढा आला, तेव्हा कुणीतरी हुंदका दिला. पार आला, तेव्हा एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, "ह्या फांदीवरनं मी पडलो होतो." माणसे हसली, रडली, एकमेकांना कोपराने ढोसू लागली. गल्ली वळली. घरे एकेक करून पुढे येऊ लागली. प्रत्येक दारापुढे एक तुळशीवृंदावन, त्यात हिरवीगार तुळस, खाली रांगोळी. सुंदर काढली होती सरांनी. शेवटी एका दाराशी चित्र थांबले.

"आक्का, बघ," सर म्हणाले. "तुझं दार."

तानूआक्का पुढे वाकल्या. नव्वदीच्या त्या डोळ्यांनी त्यांनी दार, उंबरा, कोनाडा, सगळे न्याहाळले.

"दार माझंच हाय," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याची ही खाच पण माझीच. मुसळ पडलं होतं तिथं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर रंग्या, ही तुळस कुठली आणलीस? माझ्या दारात शेवगा होता."

"शेवगा?" सर हसले. "अगं आक्का, तुळस प्रत्येकाच्या दारात असतेच की."

"आसती. माझी मागल्या दारी होती. पुढं शेवगा होता. तुझ्या बापानं लावलेला. त्याच्या शेंगा मी गल्लीभर वाटायची."

मागून दुसरी एक म्हातारी म्हणाली, "आणि माझ्या दारात तर हौद होता, तुळस न्हवतीच." तिसरा म्हणाला, "आमच्या दारात बैलगाडी."

सर गोंधळून पडद्याकडे पाहत राहिले. त्यांनी वर्षभर माणसांना घरे विचारली होती, गल्ल्या विचारल्या होत्या, खिडक्या किती तेही विचारले होते. दारात काय होते, हे मात्र कुणालाच विचारले नव्हते. तिथे त्यांच्या हाताला जे सवयीने सुचले, ते त्यांनी एकदा काढले आणि घराघरापुढे नेऊन ठेवले. सुनेत्राला ते दिसले, आणि सरांनाही दिसले, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

थोड्या वेळाने ते माणसांतून वाट काढत तिच्यापाशी आले. ओशाळलेले होते, पण डोळ्यांत हसू होते.

"तुमच्या दुकानातली ती चिठ्ठी," त्यांनी हळूच विचारले, "आहे का एखादी जवळ?"

सुनेत्राने पर्समधून एक कोरी चिठ्ठी आणि पेन काढून दिले. सरांनी चिठ्ठी संगणकाच्या डब्यावर ठेवून लिहिले, 'सगळ्या तुळशी: रंगराव शेवाळे', आणि ती तिथेच चिकटवली. मग ते परत गेले, आईच्या खुर्चीशी जमिनीवर मांडी घालून बसले, वही उघडली आणि म्हणाले, "आक्का, सांग आता. शेवगा दाराच्या कुठल्या बाजूला होता?"

भाग खुशाल बदलून पाहावेत. फक्त शेवटचा भाग मागवण्याआधी झाकणाआतले नाव एकदा वाचावे.